घाटकोपरची लक्ष्मी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझी भाची आमच्या मुलुंडच्या घरीं राहावयास आली, ती एक बेत मनांत धरूनच आली. ती चित्रकला शिकते. तिचें म्हणणें असें कीं, चार दिवस एखाद्या लहानशा शहरीं जावें, तेथील जुन्या वस्तूंचीं दुकानें धुंडाळावीं, हातानें कांहीं घडविणाऱ्या माणसांचे कारखाने पाहावेत, आणि आवडेल तें पिशवींत घालून परत यावें. हल्लीं पुष्कळ हौशी मंडळी असा प्रवास करतात. बेत ऐकून मीं तिला म्हटलें, "लहान शहरच पाहावयाचें तर अंधेरी पाहूं. उद्यांच जाऊं." ती हंसूं लागली. "मामा, अंधेरी काय शहर आहे?"

प्रश्न साधा होता. पण मास्तराला असा प्रश्न विचारूं नये. तो उत्तर दिल्यावांचून राहत नाहीं.

आज बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचा सारा मुलूख आपण मुंबईच समजतों. परंतु ही समजूत शंभर वर्षांची देखील नाहीं. हीं साष्टी बेटांतील गांवें. १९२० सालीं ठाणें जिल्ह्यांतून कांहीं गांवें काढून मुंबई उपनगर जिल्हा निराळा करण्यांत आला. अंधेरी आणि घाटकोपर हीं १९५० सालीं मुंबईच्या महापालिकेंत आलीं; बोरिवली व मुलुंड यांना तर १९५७ साल उजाडावें लागलें. तोंवर ह्या ठिकाणांना आपापली बाजारपेठ होती, आपापला टांग्यांचा अड्डा होता, आपापले लहानमोठे धंदे होते. मुलुंडचे काटकोनांत छेदणारे सरळ रस्ते १९२२ सालीं कागदावर आखले गेले, तेव्हां आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें एक स्वतंत्र नगरच असलें पाहिजे. माझे वडील अखेरपर्यंत "मुंबईला जाऊन येतों" असें सांगून मुलुंडच्या स्टेशनावर गाडींत बसत. तेव्हां चार-पांच लहान शहरें एकास एक चिकटून आपल्या दाराशींच उभीं असतां भाड्याला पैसे कशाला घालावयाचे, असा माझा युक्तिवाद होता.

युक्तिवाद खरा असला तरी अंधेरीचें नांव माझ्या तोंडीं आलें त्याचें कारण निराळें होतें, आणि तें मीं भाचीला त्या दिवशीं सांगितलें नाहीं.

आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठीं रिकामी करावी लागली, त्या वेळीं माळ्यावरचें सामान काढतांना मीं फार घाई केली. पितळेचीं भांडीं तेवढीं राहिलीं. मोडक्या खुर्च्या, पत्र्याचे डबे, तसबिरींच्या चौकटी, हें सारें भंगारवाल्यानें हातगाडीवर रचून नेलें. त्यांत आजोबांनीं रत्नागिरीच्या घरून आणलेली लक्ष्मीची तसबीर होती. कांच तडकलेली, कागदाच्या एका कोपऱ्याला कसर लागलेली, आणि कांचेवर देवीच्या कपाळाच्या जागीं आजीच्या बोटाचें कित्येक वर्षांचें कुंकू. नव्या घरांत तिला जागा नाहीं असें मीच ठरविलें. पुढें तेथें देव्हारा मांडतांना सौ.नें विचारलें, "लक्ष्मी कोठें आहे?" मीं खरें तें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं, आणि त्यानंतरही त्याविषयीं कधीं बोलली नाहीं. रागें भरली असती तर बरें झालें असतें. भंगारांत गेलेल्या वस्तूंपैकीं ज्यांना गिऱ्हाईक असतें त्या पुष्कळदां ओशिवऱ्याच्या बाजारांत येतात, असें मला एका रद्दीवाल्यानें सांगितलें होतें.

मुलुंडहून लोकलनें घाटकोपर, तेथून २०१४ सालीं सुरू झालेल्या मेट्रोनें अंधेरी, आणि पुढें रिक्षा, असे आम्ही दोघें सकाळीं निघालों. ओशिवऱ्याचा हा बाजार जोगेश्वरीच्या पश्चिमेस स्वामी विवेकानंद मार्ग व रिलीफ रोड यांच्या आसपासच्या गल्ल्यांतून पसरलेला आहे. दक्षिण मुंबईंतल्या चोरबाजाराचा हा उपनगरांतला धाकटा भाऊ म्हणावयाचा. पण अंगानें हाच थोराड दिसला. पत्र्याच्या लांब शेडींत दारें, खिडक्या, झोपाळे, पलंग, आरामखुर्च्या छपरापर्यंत रचलेल्या. मागच्या बाजूस सुतारांचें काम चाललेलें. आणि सगळीकडे लाकडाच्या भुशाचा व पॉलिशचा वास.

पहिल्याच दुकानाबाहेर लाकडाची एक तुळई आडवी पडली होती. दुकानदारानें तिच्यावर थाप मारून सांगितलें कीं, हा ब्रह्मदेशचा साग, एका जुन्या चाळींतून निघालेला. त्या थापेसरशी माझें मन थेट रत्नागिरीस गेलें. तें कसें, हें सांगितलें पाहिजे. ब्रह्मदेशांतील सागाचा व्यापार करण्यासाठीं १८६३ सालीं बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. तेथील जंगलांतले सागाचे ओंडके हत्तींनीं ओढावयाचे, नदींतून खालीं सोडावयाचे आणि जहाजांत भरून बाहेर पाठवावयाचे, असा तो व्यवहार. १८८५ सालीं राजा थिबा याच्या दरबारानें ह्या कंपनीला जबर दंड केला. पैसे भरले त्याहून अधिक ओंडके नेल्याचा आरोप होता. इंग्रजांना तेवढेंच निमित्त पुरलें. वर्ष संपण्यापूर्वीं मंडाले पडलें आणि राजा कैदी झाला. पुढें त्याला आणून ठेवलें तें आमच्या रत्नागिरीस. १९१० सालीं त्याच्यासाठीं वाडा बांधून झाला, १९१६ सालीं तो तेथेंच वारला. आज सहलीला गेलेली मुलें थिबा पॅलेसच्या गच्चीवरून खाडी पाहतात. चाळीच्या तुळईवर ज्यांनीं पाळणे बांधले त्यांना ह्या राजाचें स्मरण कशाला होईल? मलाही इतकीं वर्षें झालें नव्हतें.

भाचीला मात्र खुर्च्यांचें वेड. इराण्याच्या हॉटेलांत ज्यांवर बसून आपण चहांत ब्रून-मस्का बुडविला, त्या गोल बैठकीच्या, पाठीचें लाकूड धनुष्यासारखें वाकविलेल्या खुर्च्यांची एक रांग तिला दिसली. ह्या घाटाचा जनक मिखाएल थोनेट. व्हिएन्नाच्या ह्या कारागिरानें बीच वृक्षाचें लाकूड वाफेवर मऊ करून सांच्यांत वाकविण्याची रीत बसविली आणि १८५९ सालीं आपली चौदा क्रमांकाची खुर्ची बाजारांत आणली. लाकडाचे सहा तुकडे आणि दहा स्क्रू, एवढ्यांत खुर्ची पुरी. सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटींत मावत. एवढी स्वस्त व सुटसुटीत वस्तु जगभर न गेली तरच नवल. भाचीनें दुकानदाराला विचारलें, "ह्या जुन्याच ना?" तो मोकळा माणूस होता. त्यानें मागें नेऊन सुतार दाखविला. तो सुतार नव्या कोऱ्या कपाटाच्या दाराला साखळीनें ठोके देत होता, तारेच्या ब्रशानें कडा झिजवीत होता, आणि काळसर पॉलिशाचा बोळा फटींत दाबीत होता. "नव्याला जुनें करतों," तो हिंदींत म्हणाला, "सिनेमावाल्यांना लागतें, हॉटेलवाल्यांना लागतें." लपवाछपवीचा कोठें लवलेश नव्हता. भाची जमिनीवर बसली आणि तिनें त्याच्या हाताचें रेखाटन केलें. तिला जें पाहावयाचें होतें तें तिला मिळालें होतें. माझें मन मात्र चौकटींच्या मागें होतें.

पत्र्याच्या डब्यांच्या ढिगांत बिस्किटांचे जुने डबे पाहून मीं थांबलों. पारलें गांवांत १९२९ सालीं गोळ्या-पेपरमिंटचा कारखाना निघाला, दहा वर्षांनीं तेथें बिस्किटें होऊं लागलीं, आणि गांवाचें नांवच बिस्किटाला मिळालें. तो मूळचा कारखाना २०१६ सालीं बंद झाला. पूर्वीं गाडी पारल्याजवळ आली कीं डोळे मिटलेल्या उतारूलाही स्टेशन कळे, इतका त्या भट्ट्यांचा वास दाट असे. माझ्या वर्गांतल्या मुलांना मी भूगोल शिकवितांना हें उदाहरण देत असें. आतां देतां येणार नाहीं.

त्याच दुकानांत बोळवणीच्या लुगड्यांसारख्या घडी घालून ठेवलेल्या सिनेमाच्या जाहिराती होत्या. बॉम्बे टॉकीज ही संस्था हिमांशु राय व देविकाराणी यांनीं १९३४ सालीं उभारली ती मालाडला. 'अछूत कन्या' (१९३६) आणि 'किस्मत' (१९४३) हे बोलपट आपल्या ह्याच उपनगरांत घडले. तेथें दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योसेफ विर्शिंग हे दोघे जर्मन होते. १९३९ सालीं दुसरें महायुद्ध पेटतांच सरकारनें ह्या परदेशी मंडळींना अटकेंत टाकलें. विर्शिंग पुढें येथेंच राहिला. १९४९ चा 'महल' त्याच्या कॅमेऱ्यांतून उतरलेला. त्या स्टुडिओच्या आवारांत आज लहान लहान कारखान्यांची दाटी आहे. जर्मनांचा हा उल्लेख ध्यानांत ठेवावा; तो आणखी एकदां यावयाचा आहे.

शेवटच्या दुकानांत एका भिंतीशीं तसबिरी उभ्या रचल्या होत्या. मी त्या एकेक करून पुढें ओढूं लागलों. दत्तात्रेय, रामपंचायतन, एक विश्वामित्र-मेनका. आणि मग लक्ष्मी. कमळावर उभी, मागें सरोवर, सोंडेंत माळ घेतलेला हत्ती. क्षणभर मला वाटलें कीं हीच ती. पण कांच अखंड होती, कोपरा शाबूत होता. आणि कोणा घरच्या बाईनें देवीच्या साडीवर खऱ्या जरीची किनार चिकटविली होती, गळ्यांत टिकल्यांचा हार बसविला होता. असा साज चढविण्याची पूर्वीं पुष्कळ घरांत चाल होती. चौकटीच्या खालच्या पट्टीवर, हात टेकत असेल त्या ठिकाणीं, लाकूड गुळगुळीत झालें होतें. दुसऱ्या कोणाची तरी लक्ष्मी होती ती.

"कोठून आली?" मीं विचारलें.

"माल येतो, चाचा," दुकानदार म्हणाला. "गाडी येते, उतरवून घेतों. कुठून, तें कोण विचारतो?" आणि मग आपुलकीनें, "ही जर-टिकली काढून साफ करून देऊं का?" मी एकदम "नको, नको" म्हणालों, तेव्हां भाचीनें माझ्याकडे पाहिलें. मग मीं तिला घरची गोष्ट सांगितली.

तिनें ऐकून घेतलें, आणि लगेच तिचा चौकस स्वभाव वर आला. ही तरी जुनी आहे कीं सुताराच्या कपाटासारखी? माझ्या खिशांत वर्तमानपत्र वाचण्याचें भिंग असतें. चौकट उजेडांत नेऊन आम्हीं देवीचा गाल पाहिला. आजच्या यंत्रावर छापलेलें चित्र भिंगाखालीं धरलें तर रंगाचे ठिपके कवाइतीच्या शिपायांसारखे ओळीनें उभे दिसतात. येथें तसें नव्हतें. लहानमोठे, वेडेवाकडे, कोठें दाट, कोठें विरळ, असे ते दगडावर हातानें दिलेले ठिपके होते. म्हणजे चित्र शिळाछापाचें होतें, आणि तळाशीं कागदाच्या कडेला रविवर्मा प्रेसचें नांव अर्धेंमुर्धें वाचतां येत होतें.

आतां ह्या प्रेसविषयीं. राजा रविवर्मा यांचा जन्म १८४८ सालीं केरळांत किळिमानूर येथें झाला. त्यांचीं तैलचित्रें संस्थानिकांच्या राजवाड्यांत लागत. सामान्य माणसाच्या दृष्टीस तीं पडणें कठीण. त्रावणकोर, इंदूर व बडोदें येथें दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनीं १८८४ सालीं त्यांना पत्र लिहून सुचविलें कीं, निवडक चित्रें युरोपांत पाठवून त्यांच्या छापील प्रती काढवाव्या. दहा वर्षांनीं, म्हणजे १८९४ सालीं, रविवर्मा व त्यांचे बंधु राजराजवर्मा यांनीं मुंबईंतच आपला छापखाना सुरू केला. पुढें मळवलीस हलण्यापूर्वीं तो होता आपल्या घाटकोपरास. रविवर्मा ह्या कामांत पहिले होते असें नव्हे. पुण्याची चित्रशाळा आणि कलकत्त्याचा आर्ट स्टुडिओ हे दोन्ही १८७८ सालचे. त्यांनीं देवादिकांचीं रंगीत चित्रें आधींच घरोघर पोहोंचविलीं होतीं. परंतु तैलचित्राचा भास कागदावर उतरविण्याची रविवर्म्यांच्या प्रेसची हातोटी लोकांना विशेष भावली.

ती हातोटी समजून घेण्याजोगी आहे. शिळाछाप ही अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियांतील आलॉइस झेनेफेल्डर याची युक्ति. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर स्निग्ध खडूनें किंवा शाईनें चित्र काढावयाचें, दगड पाण्यानें ओला करावयाचा, आणि मग तेलकट शाईचा रूळ फिरवावयाचा. तेल व पाणी यांचें वैर. म्हणून शाई चित्राला तेवढी धरते, कोऱ्या ओल्या दगडाला धरत नाहीं. हें झालें एका रंगाचें. रंग जितके, दगड तितके. साडीचा तांबडा एका दगडावर, कमळाचा गुलाबी दुसऱ्यावर, देवीच्या कांतीच्या छटा आणखी निराळ्या दगडांवर; आणि प्रत्येक खेपेस तोच कागद नेमक्या त्याच जागीं बसला पाहिजे. केसभर सरकला तर देवीला दोन नाकें! शेवटीं वरून वार्निश द्यावयाचें. ह्या कामासाठीं यंत्रें जर्मनीहून आलीं आणि तीं चालविण्यास जर्मन तंत्रज्ञ आले. त्यांतला मुख्य फ्रिट्झ श्लायखर. मालाडला जर्मन छायालेखक येण्याच्या चाळीस वर्षें आधीं घाटकोपरास जर्मन छापणारे येऊन गेले होते.

ह्या चित्रांनीं काय केलें तें सांगावयास मोठा पंडित नको. देवदर्शनाला देवळाचा उंबरा लागत असे, आणि तो उंबरा सर्वांना मोकळा नव्हता. ज्यांना पायरीखालीं उभें केलें जाई त्यांच्याही भिंतीवर आतां तीच लक्ष्मी, तीच सरस्वती आली, आणि तिला हात लावावयास कोणाची परवानगी लागेना. माझ्या आजीसारख्या बायकांना पुजाऱ्यावांचून देवीच्या कपाळीं बोट टेकतां येऊं लागलें. चित्राला कलादृष्ट्या नांवें ठेवणारे पुष्कळ झाले. देवता सुंदर गृहिणींसारख्या दिसतात, हा त्यांचा आक्षेप. घरोघरच्या बायकांना नेमकें तेंच आवडलें असेल.

धंदा म्हणून मात्र तो रविवर्म्यांना फळला नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, कारागीर पांगले. १८९९ च्या सुमारास छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलविला. कर्ज वाढलें, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बंधूंनीं तो श्लायखर याला विकून टाकला. त्यानें कॅलेंडरें, लेबलें, पोस्टकार्डें छापून तो उत्तम चालविला. दादासाहेब फाळके यांनीं तरुणपणीं ह्याच प्रेससाठीं छपाईचें काम केलें. म्हणजे १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' काढणाऱ्या हाताला देवादिकांचीं चित्रें घडविण्याचा सराव येथें झाला. रविवर्मा १९०६ सालीं वारले. मळवलीचा कारखाना १९७२ सालीं आगींत जळाला. ओशिवऱ्याचा बाजारही आगींतून सुटलेला नाहीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें तेथें मोठी आग लागली. एवढें वाळलेलें लाकूड, एवढें पॉलिश, आणि मध्यें सुताराची ठिणगी. घरांतून निघालेली वस्तु येथें आली म्हणजे वांचली असें धरून चालतां येत नाहीं.

मी ती तसबीर घेतली नाहीं. किंमत मला झेपण्यासारखी नव्हती हें एक. आणि जरीची ती किनार जिनें लावली तिच्या घरचें कोणी माझ्यासारखें शोधीत येईल, असें वेडें मन सांगत होतें, हें दुसरें. भाचीनें एक बिस्किटाचा डबा घेतला.

परततांना घाटकोपरास उतरावेंच लागतें. मीं म्हटलें, आलोंच आहों तर रविवर्म्याचा छापखाना कोठें होता तें विचारूं. स्टेशनाजवळ दोघा-तिघांना विचारलें. "छापखाना ना? असा डावीकडे जा," एकानें उत्साहानें सांगितलें, आणि आम्ही लग्नपत्रिका छापून देणाऱ्या एका लहानशा दुकानांत जाऊन पोहोंचलों. मालकानें आमचें ऐकून घेतलें, पाणी दिलें. रविवर्मा प्रेस घाटकोपरास होता हें त्याला ठाऊक नव्हतें. त्याला फार नवल वाटलें. त्याच्या डोक्यावरच्या भिंतीला एक कॅलेंडर लटकत होतें. कमळावर उभी लक्ष्मी, मागें सरोवर, सोंडेंत माळ घेतलेला हत्ती. रंग जरा भडक, पण बाई तीच. मीं खिशांतून भिंग काढून पाहिलें. ठिपके अगदीं ओळीनें उभे.

"हें कोठें छापतात?" मीं विचारलें.

"हें होय? शिवकाशीहून येतें," तो म्हणाला. "आम्ही फक्त खालीं दुकानाचें नांव घालतों. तुम्हांला हवें का, काका? गेल्या सालचें एक शिल्लक आहे."

मीं तें घरीं आणलें. सौ.नें एक शब्द न बोलतां कात्रीनें तारखांचा भाग कापून टाकला, दुकानाच्या नांवाची पट्टी कापली, आणि चित्र देव्हाऱ्याशेजारीं लावलें. संध्याकाळीं दिवा लावतांना मीं पाहिलें, तों देवीच्या कपाळीं कुंकवाचें ओलें बोट होतें.